कोपऱ्यांचा गल्ला

मी एक जुनी पिन आहे. कागदाला टोचायची नव्हे, आणि केसांत खोचायची तर मुळीच नव्हे. बोलिंगच्या लेनच्या टोकाला दहाजणी त्रिकोण करून उभ्या असतात आणि माणसं लांबून त्यांच्यावर जड बॉल सोडतात, त्या दहांतली मी एक. पोट सुटलेलं, मान बारीक आणि मानेभोवती दोन लाल पट्टे. मित्रांनो, आमच्या जातीचं काम साधं असतं. सांगितलेल्या जागी उभं राहायचं आणि कोणी नीट मारलं की पडायचं. या कामाचा मला कधी कमीपणा वाटला नाही. लाज वाटली ती मारणाऱ्यांची.

हे तुम्हाला सांगायला हरकत नाही, कारण तुम्ही अजून लहान आहात. तुमच्यापैकी निदान काहीजण तरी अजून वाया गेले नसतील.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. कठीण लाकडाचे तुकडे चिकटवून ठोकळा करायचा, तो लेथवर चढवायचा आणि कातत कातत त्यातून पोट, मान, डोकं काढायचं. मला घडवणारा कातारी शिट्टी वाजवत काम करायचा. माझ्या मानेपाशी आला की त्याची शिट्टी थांबायची, कारण तिथे हात जरा जड पडला की अख्खा ठोकळा फुकट जायचा. पुढे माझं वजन झालं, अंगावर पांढऱ्या प्लास्टिकचा जाड थर चढला, लाल पट्टे आले आणि नऊ बहिणींबरोबर मी एका खोक्यात बसून निघाले. खोक्यात अंधार होता, पण आम्ही खुशीत होतो. लोक आपल्याला बघायला येणार, असं आम्हाला वाटत होतं. लोक आले खरे, पण आम्हाला बघायला कोणीच आलं नव्हतं.

हॉल एका मोठ्या दुकानाच्या तळघरात होता. जिना उतरलं की आधी भाड्याच्या बुटांचा वास यायचा, मग लेनला लावलेल्या तेलाचा, आणि मग गडगडाट. आमच्या मागे यंत्रांच्या गर्दीत एक मिस्त्री कानात कापूस घालून बसलेला असायचा. यंत्र आम्हाला गोळा करायचं, वर उचलायचं आणि परत मांडायचं. कधी मी सगळ्यांच्या पुढे असायचे, कधी मधल्या रांगेत, कधी पार मागे कोपऱ्यात. जागेचा मान-अपमान आमच्यात नसतो. तो खेळ माणसांचा.

लेनच्या टोकाला उभं राहण्याचा एक फायदा असतो. बॉल हातातून सुटतो त्या क्षणी माणसाच्या तोंडावर जे येतं ते आम्हाला समोरून दिसतं. त्याच्या मागे बसलेल्या बायकोला नुसती पाठ दिसते, मित्राला दिसते ती कोपराची ऐट. तोंड फक्त आम्ही बघतो. इतकी वर्षं मी ही तोंडं बघितली आणि त्यातली बहुतेक मला दुसऱ्यांदा बघावीशी वाटली नाहीत. हावरट तोंडं, रुसलेली तोंडं, आणि बॉल वाकडा गेला की लगेच बुटाकडे बघणारी तोंडं. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

दोन तोंडं मात्र मला आवडायची. एक काकूंचं आणि एक काकांचं.

काकू लाँड्री चालवायच्या. जड इस्त्री फिरवून फिरवून त्यांचं मनगट असं तयार झालं होतं की बॉल हातात घेतला तरी तो हलका वाटावा. त्यांचा बॉल हॉलचाच, काळा, टवके उडालेला. त्या तो सरळ टाकायच्या. वळवणं नाही, फिरवणं नाही, अंगविक्षेप नाहीत. बॉल यायचा आणि आम्ही पडायचो. नीट मारलं की पडायलाही बरं वाटतं, मित्रांनो. काका लाँड्रीतले कपडे घरोघरी पोचवायचे आणि खेळायला आले तरी हँगर धरल्यासारखा हात वर ठेवून चालायचे. त्यांचा बॉल कुठे जाईल ते त्यांनाही माहीत नसायचं. पण हरले तरी त्यांचं तोंड तेच राहायचं, हसरं.

दरवर्षी हॉलमध्ये जोड्यांची स्पर्धा व्हायची. जिंकणाऱ्यांना कप मिळायचा आणि त्यांची नावं भिंतीवरच्या लाकडी बोर्डावर रंगवली जायची. बोर्डावर जागा फक्त पहिल्या नंबरला. काकू आणि काका कितीदा तरी दुसरे आले. बुटांच्या नाड्या सोडायला बसायचं बाकडं नेमकं त्या बोर्डाखाली होतं. दरवेळी काका तिथे बसून म्हणायचे, "बोर्डावर नाही तर नाही, बोर्डाखाली तर आहोत!" काकू हसायच्या, पण नाडी सोडता सोडता वर बघायच्याच. मी ते लांबून बघितलं आहे. त्या बाईला आयुष्यात एवढीच एक हौस होती.

मग मालकाचा मेहुणा आला आणि हॉलची रया गेली.

या मेहुण्याला सगळे भोंगा म्हणायचे, कारण त्याच्या हातात सदैव माइक असायचा आणि माइक नसला तरी काही फरक पडायचा नाही. त्याने मालकाच्या डोक्यात भरवलं की नुसत्या कपासाठी कोण येतं, स्पर्धेच्या जोडीला छोट्या छोट्या स्पर्धा ठेवा, ज्याला हवं त्याने वेगळे पैसे भरावेत, जिंकेल त्याने गल्ला न्यावा. मालकाला हे पटायला वेळ लागला नाही. प्रत्येक गल्ल्यातून खर्चापोटी थोडं काढून घ्यायचं ठरलं होतं. आवळा देऊन कोहळा काढण्यात तो माणूस आधीपासूनच तरबेज होता.

आधी आला स्ट्राइकचा गल्ला. चिठ्ठीत ज्याचं नाव निघेल त्याने एका बॉलमध्ये दहाजणींना पाडायचं. चला, यात निदान खेळ तरी होता. मग आला गुपित आकड्याचा गल्ला. मालक सकाळीच एक आकडा लिहून पाकिटात बंद करायचा आणि ज्याचे गुण त्या आकड्याला जुळतील तो जिंकायचा. यात खेळ कुठे आहे ते मला आजवर कोणी सांगितलेलं नाही. मग आला सगळ्यांत कमी गुणांचा गल्ला. नवख्यांना उत्तेजन म्हणे! पहिल्याच वर्षी एक गणिताचे सर, चांगले नेमबाज, मुद्दाम एकामागून एक बॉल गटरमध्ये, म्हणजे लेनच्या कडेच्या खोलगट पन्हळीत, सोडत होते. आणि शेजारच्या लेनवर त्यांचा जोडीदार घाम गाळून कपासाठी खेळत होता. त्या सरांचं तोंड मी बघितलं. वर्गात कोणी कॉपी केली की हेच सर त्याचे कान उपटत असतील.

आणि शेवटी आला कोपऱ्यांचा गल्ला.

हा नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरून झालं. खेळाडूला एका वेळी दोन बॉल मिळतात. कधी कधी पहिल्या बॉलने आठजणी पडतात आणि मागच्या रांगेतल्या टोकाच्या दोघी तेवढ्या उभ्या राहतात, एक या कोपऱ्यात, एक त्या कोपऱ्यात. मध्ये सगळं मैदान मोकळं. दुसऱ्या बॉलने एकीला पाडणं कोणाही शहाण्याला जमतं. दोघींना पाडायचं तर बॉल एकीच्या बाहेरच्या कडेला केसभर घासून गेला पाहिजे, म्हणजे ती आडवी घसरत जाऊन पलीकडचीला पाडेल. आणि त्या बाहेरच्या कडेला लागूनच गटर असतं. जो हे करून दाखवेल त्याला गल्ला. ते कोणालाच जमेना. त्यामुळे गल्ला न फुटता दरवर्षी पुढे जात राहिला. तो पाण्याच्या एका भल्यामोठ्या रिकाम्या बरणीत, काउंटरवर, सगळ्यांना दिसेल असा ठेवलेला असायचा. लोक बूट घ्यायला यायचे आणि बरणीकडे बघत चुकीच्या मापाचे बूट घेऊन जायचे.

"ऐच्छिक आहे बरं का, मंडळी!" भोंगा ओरडायचा. "जबरदस्ती कुणावर नाही!"

आणि जो भरणार नाही त्याच्यासमोर माइक घेऊन उभा राहायचा. काकूंनी एकदाही कुठल्या गल्ल्यात पैसे टाकले नाहीत.

"काय काकू, यंदाही नाही? पैसे काय वर घेऊन जाणार का?"

"मला एकच खेळ येतो रे बाबा," काकू म्हणायच्या. "तोच धड खेळू दे."

मग काका गेले. एका वर्षी दोघं खेळायला आले आणि पुढच्या वर्षी काकू एकट्याच जिना उतरल्या, आणि नुसत्या बाकड्यावर बसून परत गेल्या. त्यातच त्यांचा उजवा खांदा धरला. डॉक्टरांनी सांगितलं, इस्त्री बंद, आणि बॉलचं तर नावच काढू नका. काकूंनी डॉक्टरांकडून एका स्पर्धेची सवलत मागून घेतली. ही शेवटची, मग खांदा तुमचा, असं म्हणाल्या.

जोडीदार हवा होता. काकूंच्या मुलीने नवऱ्याचं नाव सुचवलं.

"आई, ह्यांना घे. ह्यांचा हात चांगला आहे."

"हात चांगला आहे गं," काकू म्हणाल्या. "लक्ष कुठे असतं?"

जावई फरशांच्या दुकानात विक्रेता होता. त्याचा स्वतःचा बॉल होता, जांभळा, आत चमचम असलेला. मनगटाला पट्टा, कमरेला छोटा टॉवेल, बॉल टाकण्याआधी हातावर फुंकर. इतकी तयारी करून तो टाकायचा तेव्हा बॉल झोकदार वळण घेऊन यायचा, हे मला मान्य केलं पाहिजे. पण त्याचं तोंड! बॉल लेनवर आणि डोळे काउंटरवर. एकही गल्ला त्याने कधी सोडला नव्हता. कमी गुणांच्या गल्ल्यातही पैसे आणि जास्त गुणांच्या गल्ल्यातही पैसे, म्हणजे तो जिंकायला आला आहे की हरायला, हे त्याचं त्यालाच ठाऊक नसायचं.

स्पर्धेच्या आधी काकू मालकाशी बोलल्या. आपण जिंकलो तर बोर्डावर आपल्या नावाशेजारी काकांचं नाव घालाल का, असं त्यांनी विचारलं. मालकाला पैसे पडणार नव्हते, त्यामुळे तो लगेच हो म्हणाला. मग त्यांनी जावयाला विचारलं. हे सगळं आमच्या लेनसमोरच झालं.

"आई, हे काय विचारणं झालं?" जावई म्हणाला, आणि त्याने टॉवेलने डोळे टिपले. "माझं नाव नकोच. बाबांचंच घाला. त्यांचा मान तो."

"बघा हं, जावईबापू. मनापासून म्हणताय ना?"

"अगदी मनापासून!"

मुलीने त्याच्याकडे अशा काही कौतुकाने बघितलं की मला दया आली. मित्रांनो, उदारपणा फुकट असतो तोवर कोणी मागे हटत नाही. जावयाच्या डोक्यात त्या घडीलाच पक्कं झालं होतं की कप सासूचा, बोर्ड सासऱ्याचा, मग आपल्या वाट्याला काय? हे मी मागाहून शहाणपणा करून सांगत नाहीये. डोळे टिपून झाल्यावर त्याने टॉवेल कमरेला खोचला आणि बरणीकडे बघितलं. मी समोरच होते.

स्पर्धेचा दिवस उजाडला. हॉल भरला. भोंग्याने सकाळपासून माइकचं तोंड बंद होऊ दिलं नाही. गल्ल्यांसाठी रांगा लागल्या. कपाची स्पर्धा कोणत्या लेनवर चालू आहे, हे विचारायलाही कोणाला सवड नव्हती. एका लेनवर तर दोघं जोडीदार भांडायला उठले. एकाचे गुण गुपित आकड्याला जुळायच्या बेतात होते आणि दुसरा म्हणत होता, अरे, कपासाठी चांगलं खेळ. पहिला म्हणाला, "कप तू ने घरी, पाणी पी त्यातून!" आणि लोक हसले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

काकू खेळल्या. कशा खेळल्या म्हणून सांगू! खांदा दुखत होता, बॉल सुटताना प्रत्येक वेळी ओठ घट्ट मिटले जात होते, पण बॉल सरळ. तोच सरळ, गुपचूप, जसा इतकी वर्षं यायचा तसा. टाकून झालं की त्या डाव्या हाताने उजवा हात धरून बाकड्यावर बसायच्या, मुलगी खांद्यावर गरम पिशवी ठेवायची आणि पाळी आली की त्या परत उठायच्या. जावईही बरा खेळला. झोकदार वळणं, टाळ्या, फुंकर. दुपार कलता कलता दोनच जोड्या उरल्या. एक काकू आणि जावई. दुसरी गेल्या वर्षीचे विजेते, एक दातांचा डॉक्टर आणि त्याचा भाऊ.

डॉक्टर आणि भावाचा खेळ संपला. काकूंनी आपला शेवटचा बॉल टाकला, मी त्यात पडले, आणि त्या बाकड्यावर जाऊन बसल्या. आता राहिला फक्त जावई. त्याने पहिला बॉल सोडला. आठजणी धडाधड पडल्या. यंत्राने उरलेल्यांना उचललं, खालचा पसारा साफ केला आणि उरलेल्यांना परत जागेवर ठेवलं. उरलेल्या म्हणजे आम्ही दोघी. डाव्या कोपऱ्यात एक, आणि उजव्या कोपऱ्यात मी.

दोन्ही जोड्यांचे गुण आता बरोबर झाले होते. हॉलचा नियम असा होता की बरोबरी झाली तर कप जुन्या विजेत्यांकडेच राहतो. म्हणजे आमच्यातली एकजण पडली, कुठलीही एक, की कप काकूंचा. कोणीच पडली नाही तर डॉक्टरांचा. जावयाच्या हातात एक बॉल होता. दोघींपैकी एकीच्या पोटावर सरळ सोडायचा, संपलं. एवढं तर काकांनाही जमलं असतं, डोळे मिटून.

काकू उठून उभ्या राहिल्या.

"जावईबापू, एकच. उजवीकडची. सरळ टाका."

"अहो, एकच पाडा हं!" मुलगी म्हणाली.

आणि तेवढ्यात डॉक्टर टाळ्या वाजवू लागला. "दोन्ही! दोन्ही!" मग त्याचा भाऊ, मग गणिताचे सर, मग सगळा हॉल. सगळे उंटावरचे शहाणे. "दोन्ही! दोन्ही!" डॉक्टरला काय हवं होतं ते लेनच्या टोकावरून एका लाकडाच्या पिनला कळत होतं. जावयाला कळलं नाही. भोंगा धावत काउंटरवर गेला, दोन्ही हातांनी बरणी उचलून आणली आणि लेनच्या तोंडाशी, जावयाच्या पायाजवळ ठेवली.

"मंडळी, कोपऱ्यांचा गल्ला! आज फुटणार का?"

जावयाने बरणीकडे बघितलं.

"आई, दोन्ही पाडतो," तो म्हणाला. "कप पण आणि हे पण. बघाच तुम्ही."

"मला काही बघायचं नाहीये," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज मी इतका चढलेला कधी ऐकला नव्हता. "मला एक पाहिजे. एकच द्या मला!"

"विश्वास ठेवा हो, आई!"

त्याने हातावर फुंकर मारली. बॉल सुटताना त्याचं तोंड मी पूर्ण बघितलं, आणि त्यात काकू नव्हत्या, काका नव्हते, मुलगी नव्हती. बॉल निघाला. माझ्या बाहेरच्या कडेचा नेम धरून, गटरच्या काठाकाठाने तो आला. मला वाटलं, लागेल. थोडा जरी लागला तरी मी पडेन. घसरून पलीकडे जाणं माझ्या हातात नव्हतं, पण पडणं तरी होईल. आणि माझ्यापासून हातभर अंतरावर तो जांभळा गोळा टुणकन गटरमध्ये उतरला आणि माझ्या शेजारून गडगडत निघून गेला. मला नुसता वारा लागला.

मी उभी राहिले. मित्रांनो, पिनेचं आयुष्य पडण्यात जातं आणि पडायचं नाही हीच तिची धडपड असते, असं लोकांना वाटतं. त्या क्षणी मला पडायचं होतं. मनापासून पडायचं होतं. पण मला हातपाय नाहीत. पडायलासुद्धा आम्हाला दुसऱ्याचा धक्का लागतो. मग यंत्राचा दांडा खाली आला आणि आम्हा दोघींना ढकलून मागच्या खड्ड्यात घेऊन गेला. त्या पडण्याचे गुण नसतात.

टाळ्या झाल्या. हो, टाळ्या! भोंग्याने जाहीर केलं की गल्ला शाबूत आहे, पुढच्या वर्षी आणखी मोठा होणार. त्याला आणखी टाळ्या. कप डॉक्टरांकडे गेला, त्याला कमी. डॉक्टरने जावयाच्या पाठीवर थाप मारली.

"हिंमत लागते राव!"

आणि जावई हसला. तो चक्क खूश झाला होता. जो भेटेल त्याला दोन बोटं जुळवून दाखवत फिरत होता, "एवढं! एवढंसं राहिलं हो!" मी तिथेच होते, हातभर राहिलं होतं. मागे मिस्त्रीने कानातला कापूस काढला, खड्ड्यातून मला उचललं आणि फडक्याने पुसता पुसता म्हणाला, "तेलही गेलं, तूपही गेलं, हाती आलं धुपाटणं." त्या दिवशी त्या हॉलमध्ये एवढंच एक शहाणपणाचं बोलणं झालं, आणि तेही यंत्रांच्या आवाजात कोणाला ऐकू गेलं नाही.

काकू बोर्डाखालच्या बाकड्यावर बसून एका हाताने नाड्या सोडत होत्या. यावेळी त्यांनी वर बघितलं नाही. मुलगी पायाशी बसून रडत होती.

"मीच तुला ह्यांचं नाव सुचवलं, आई."

"तू कशाला रडतेस? बॉल तू टाकलास का?"

एवढं बोलून त्यांनी पाय बुटातून काढला. मला त्या दिवशी माणसांची जितकी किळस आली तितकी त्याआधी कधी आली नव्हती. बॉल गटरमध्ये गेला याची नाही. बॉल कोणाचाही गटरमध्ये जातो, काकांचे तर किती गेले. पण हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागलेला माणूस पाहून सगळा हॉल टाळ्या वाजवतो, त्याची किळस.

पुढे माझ्या मानेला तडा गेला. मिस्त्री मला सरपणात देणार होता, तेवढ्यात मालकाने अडवलं. फुकट जाईल असं काही त्याच्याकडून सुटत नाही. त्याने माझ्या पोटावर 'कोपऱ्यांचा गल्ला, यंदा नंबर तुमचा!' असा कागद चिकटवला आणि मला काउंटरवर बरणीशेजारी उभं केलं. आता मी तिथेच असते. पैसे टाकणारे आधी माझ्या डोक्यावरून हात फिरवतात, शकुन म्हणून. त्या हातांना तेल असतं, घाम असतो आणि अक्कल नसते. जावईही आला, पुढच्याच स्पर्धेला, डॉक्टरच्या भावाची बदली झाली म्हणून डॉक्टरचा जोडीदार होऊन. त्यानेही माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मला ओळखलं नाही, आणि ओळखावं अशी अपेक्षाही नव्हती.

काकू मात्र एकदाच आल्या. सकाळची वेळ होती, लेन रिकाम्या होत्या, मिस्त्री तेल लावत होता. त्यांच्या लॉकरमध्ये काकांचे बूट राहिले होते, ते न्यायला आल्या होत्या. उजवा हात गळ्यात अडकवलेला होता. मालकाने बूट आणून काउंटरवर ठेवले आणि पिशवी शोधायला वाकला.

काकूंनी कागद वाचला. मग माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी डाव्या हाताचं एक बोट माझ्या डोक्याला लावलं आणि हळूच ढकललं. मी पडले. काउंटरवर आडवी झाले, बरणीला टेकले आणि थांबले.

"अहो काकू, काय करताय?" मालक वर उठत म्हणाला.

"काही नाही," काकू म्हणाल्या. "पडते का बघत होते."

त्यांनी बूट पिशवीत घातले, पिशवी डाव्या हातात घेतली आणि एकेक पायरी चढत वर गेल्या. मालकाने मला उचललं, कागदाचा सुटलेला कोपरा थुंकी लावून चिकटवला आणि परत उभं केलं.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी काहीतरी शिकवायचं असतं म्हणतात. जुन्या वस्तूंना जपा वगैरे मी सांगणार नाही, तुम्ही जपणार नाही हे मला माहीत आहे. पण कधीतरी बॉल तुमच्या हातात असेल, आणि मागे उभं असलेलं कोणीतरी तुमच्याकडे एकच मागत असेल. तेव्हा टाळ्यांकडे लक्ष देऊ नका. एकच पाडा.